औषधांचा रकाना

वहिनी गेली चार वर्षं माझ्या बंदुकीत छर्रे भरते आहे. तिला सगळेच वहिनी म्हणतात; मी तिच्याहून बारा वर्षांनी मोठी, तरी मीही तेच म्हणते.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. पंचेचाळिशीनंतर माझ्या दंडांचे स्नायू आटत गेले, आणि फळ्यावर नकाशा काढताना हात अर्ध्यावरून खाली यायला लागला. निवृत्तीनंतर व्यायामासाठी पुनर्वसन केंद्रात जायला लागले, तर तिथल्या बाईंनी मला शेजारच्या नेमबाजीच्या रेंजवर नेऊन सोडलं. माझ्यासारख्यांची तिथे सोय आहे. बंदूक एका स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवायची, नेम आपण धरायचा, चाप आपण ओढायचा, आणि प्रत्येक बार उडाला की पुढचा छर्रा भरायला एक माणूस शेजारी उभा राहतो. त्याला लोडर म्हणतात. माझ्या आधी नऊ वर्षं वहिनी तिच्या नवऱ्याची लोडर होती. ते का थांबलं, हे तिने मला एकदम सांगितलं नाही. बसच्या प्रवासात थोडं, चहाच्या कपावर थोडं, असं जमत गेलं. काही त्याच्याकडूनही कळलं.

नवऱ्याला सगळे वायरमन म्हणतात. वीज खात्यात तो खांबावर चढणारा माणूस होता. तेहतिसाव्या वर्षी लाइन बंद करून वर चढलेला असताना, गल्लीतल्या कुणीतरी जनरेटर चालू केला आणि मेलेल्या तारेत उलटा करंट आला. डावा हात कोपराच्या वरून गेला. उजव्या हाताची तीन बोटं राहिली, पण खांदा असा जळला की पाण्याचा तांब्यासुद्धा छातीपर्यंत उचलवत नाही. खात्याने त्याला तक्रार कक्षात फोनवर बसवलं. डोक्याला हेडफोन, समोर वही, तीन बोटांत पेन. "लाइट कधी येणार?" असं ओरडत फोन करणाऱ्याला तो इतक्या शांतपणे घोळात घेतो, की फोन ठेवताना माणूस त्यालाच "काळजी घ्या" म्हणतो.

वहिनी घरी शाळांचे गणवेश शिवते. अपघातानंतर तिने नवऱ्याला आंघोळ घातली, शर्टाची बटणं लावली, घास भरवला. घास भरवायची वेळ पुढे राहिली नाही, पण बटणं आजही तीच लावते.

केंद्रात व्यायाम करताना वायरमनला भिंतीपलीकडून 'टक्, टक्' असा आवाज यायचा. एक दिवस तो बघायला गेला आणि तिथलाच झाला. सुरुवातीला प्रशिक्षकच छर्रे भरायचे. महिनाभरात ते कंटाळले. छर्रा म्हणजे कॉलरच्या बटणाच्या निम्मा, त्यांच्या जाड बोटांतून सारखा निसटायचा. एकदा नवऱ्याला घ्यायला आलेल्या वहिनीला ते म्हणाले, "वहिनी, तुमची बोटं सुईदोऱ्याची. तुम्हीच भरा." तिने भरला. पहिलाच बार मधोमध लागला, आणि त्या दिवसापासून ती लोडर झाली.

स्पर्धेत पन्नास मिनिटांत साठ बार उडवायचे असतात. तेवढा वेळ लोडरने अवाक्षर काढायचं नाही. तरफ उघडायची, छर्रा बसवायचा, तरफ मिटायची, अर्धं पाऊल मागे व्हायचं. "घरात माझं तोंड मिटत नाही आणि तिथे उघडता येत नाही," वहिनी सांगते. "आमचा संसार टिकला तो त्या पन्नास मिनिटांवर."

शेजारी उभी राहिल्यावर तिला एक गोष्ट दिसायची, जी मागे बसलेल्या कुणाला दिसत नाही. बंदुकीच्या नळीचं टोक स्थिर नसतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ते केसभर वर जातं आणि खाली येतं. कसलेला नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत चाप ओढतो. वायरमनला ती फट बरोबर सापडायची. पन्नाशी गाठेपर्यंत तो देशातल्या पहिल्या पाचांत आला होता.

पन्नासाव्या वर्षी तो ऑफिसच्या जिन्यात खाली बसला. काळजाचा ठोका चुकला, असं आपण उठसूट म्हणतो. त्याचा खरोखरच चुकत होता. कधी दोन ठोके एकावर एक, कधी मध्येच एक गायब. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी चोवीस तास छातीला यंत्र लावून पाहिलं आणि एक गोळी लिहून दिली, सकाळी एक, संध्याकाळी एक, आयुष्यभर.

"या गोळीने ठोके ताब्यात राहतील," त्या म्हणाल्या. "शिवाय हात कापायचा थांबतो, हा वरचा फायदा."

वायरमनला तो वरचा फायदाच नडणार होता. प्रशिक्षकांनी बंदी असलेल्या औषधांची यादी उघडून दाखवली. बीटा ब्लॉकर नावाची ही औषधं धावणाऱ्याला, पोहणाऱ्याला चालतात. नेमबाजाला चालत नाहीत. स्पर्धेच्या दिवशीही नाहीत आणि एरवीही नाहीत. आजारपणासाठी सूट मागता येते, पण ती समितीने मंजूर करावी लागते. अर्ज गेला. सोबत डॉक्टरीणबाईंचं पत्र आणि ईसीजीच्या पट्ट्यांच्या फोटोप्रती गेल्या. उत्तर येईपर्यंत गोळी सुरू करायची नाही, असं वायरमनने ठरवलं. डॉक्टरीणबाई नाखूश होत्या, पण तीन आठवड्यांवर एक दिवस नको, असं बजावून त्यांनी सोडलं.

अठराव्या दिवशी तो ऑफिसातून हसतच आला. "मिळाली सूट," म्हणाला.

वहिनीला इतकं हलकं वाटलं की तिने हातातला गणवेश तसाच मशीनवर टाकला आणि औषधाच्या दुकानात गेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ती पाकिटातून गोळी सोडवायची, कारण त्याच्या बोटांना ते जमत नाही, आणि त्याच्या तळहातावर ठेवायची. तो तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा. ती वळली की बेसिनपाशी जाऊन जिभेखालची गोळी थुंकून टाकायचा. असं सात आठवडे चाललं. सूट नाकारल्याचं पत्र ऑफिसच्या खणात होतं.

"मला कळायला हवं होतं," वहिनी मला म्हणाली होती. "नळीचं टोक तसंच उडत होतं. उलट जास्तच. मला वाटलं, औषध लागू पडायला वेळ लागतो कधी कधी. मला दिसत होतं हो, मॅडम, आणि मी विचारलं नाही."

मग निवड स्पर्धा आली. दुसऱ्या शहरात, भलं मोठं सभागृह. वायरमन तिसरा आला. पहिले चार देशाच्या सराव शिबिराला जाणार होते, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या छातीवर देशाचं नाव लागण्याची शक्यता होती. वहिनी बंदूक पेटीत ठेवत होती, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक चष्मेवाला माणूस जवळ आला. उत्तेजक चाचणीसाठी वायरमनची निवड झाली आहे, आता नमुना देईपर्यंत मी तुमच्यासोबत राहणार, असं त्याने सांगितलं.

चाचणीची खोली म्हणजे एरवीची सामान ठेवायची खोली असावी. एका टेबलावर सीलबंद पेट्या होत्या, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट, पलीकडे स्वच्छतागृहाचं दार. तिथला अधिकारी साठीचा, पूर्वी कंपाउंडर होता म्हणे. अपंग खेळाडूंची त्याला सवय होती. कुणाला खुर्ची वळवायला जागा लागते, कुणाला लघवीची पिशवी बदलून नवी लावावी लागते, आंधळ्यासाठी सगळं मोठ्याने वाचावं लागतं. त्याने वायरमनच्या हाताकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "मदतीला मॅडम चालतील ना? आत मात्र मीच येणार. नियम आहे."

वायरमन तीन बाटल्या पाणी प्यायला. पाऊण तास गेला. आत जाऊन दोनदा रिकाम्या हाताने बाहेर आला.

"साहेब, लाइन चालू आहे, पण सप्लाय नाही," तो म्हणाला.

"तक्रार नोंदवून घेतली," अधिकारी म्हणाला. "माणूस वाटेत आहे."

त्या दोघांची चांगली गट्टी जमली. तिसऱ्या खेपेला नमुना मिळाला. वायरमनने पेटी निवडली, तो सांगेल तसं वहिनीने दोन बाटल्यांत नमुना ओतला, झाकणं करकरत घट्ट फिरवली, आकडे जुळवले. छर्रे भरणारे तिचे हात. एक थेंब बाहेर सांडला नाही. मग अधिकाऱ्याने अर्ज पुढे केला.

अर्ज वहिनीच भरत होती. नाव, जन्मतारीख, प्रशिक्षक. त्याखाली एक रकाना होता: गेल्या सात दिवसांत घेतलेली सर्व औषधं. तिने गोळीचं नाव लिहायला पेन टेकवलं. नाव तिला पाठ होतं.

"थांब," वायरमन म्हणाला. "काही नाही, असं लिही."

तिला वाटलं, तो घाबरला. ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, आपल्याला सूट आहे. लपवायचं कशाला? उलट लपवलं तर अंगाशी येईल."

"लपवत नाहीये. खरं तेच सांगतोय. काही नाही."

पेन रकान्यावरच राहिलं. वहिनी सांगते, तेव्हा तिच्या मनात आधी विचार आला की हा खोटं बोलतोय आणि पकडला जाणार. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. म्हणजे याआधी सात आठवडे बोलत होता.

"मी रोज हातावर ठेवत होते," ती म्हणाली. "सकाळी आणि संध्याकाळी."

"बेसिनमध्ये थुंकत होतो," वायरमन म्हणाला.

"आणि सूट?"

"नाही मिळाली."

अधिकाऱ्याच्या इतक्या वर्षांत कितीतरी लोकांनी त्याच्यापुढे औषधं लपवली असतील. औषध घेतलं नाही म्हणून रडायला आलेली बाई त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिली. तो उठला. "मला अजून लेबलं लावायची आहेत," म्हणाला आणि पेटी घेऊन खिडकीपाशी गेला, पाठ करून उभा राहिला. लेबलं मघाशीच लावून झाली होती.

वहिनीने डोळे पुसले आणि रकान्यात लिहिलं, 'काही नाही'. अक्षर नेहमीसारखंच आलं. वायरमनने तीन बोटांत पेन धरून सही केली.

परतीच्या बसमध्ये ती पाच तास गप्प होती. वहिनी गप्प म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. मध्ये बस चहाला थांबली, तेव्हा वायरमनला राहवलं नाही.

"शिव्या दे, पण बोल," तो म्हणाला.

"मेला असतात तर?"

"मेलो नाही ना."

"मी रोज तुम्हाला वाचवतेय असं समजून झोपत होते. ते तुम्ही बेसिनमध्ये थुंकत होता."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "अगं, तू मला आंघोळ घालतेस, बटणं लावतेस, नखं कापतेस. ते सगळं तू करतेस आणि मी करून घेतो. तू आणि मी मिळून करतो असं एकच काम आहे. गोळी घेतली तर तेही जाणार. मग मी नुसता तुझा पेशंट राहतो."

हे वहिनीला समजलं. पण राग काही गेला नाही, हेही ती प्रामाणिकपणे सांगते.

शिबिराचं पत्र दहा दिवसांत आलं. तोवर चाचणीचा निकालही आला होता, अर्थात स्वच्छ. वहिनीने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मी येणार नाही. एक तर गोळी बंदुकीत जाईल नाही तर तोंडात. दोन्हीकडे माझाच हात लागतो, तेव्हा माझंही मत धरा."

"मी दुसरा लोडर बघतो," वायरमन म्हणाला.

"बघा."

त्याने खरोखर बघितला. रेंजवरचा एक होतकरू माणूस शिबिराला यायला तयार झाला. दोघांनी एक दुपार सराव केला. माणूस सज्जन, पण श्वास असा घ्यायचा की भाता चालू आहे. छर्रा बसवला की "झालं" म्हणायचा, आणि बार बरा लागला की वायरमनच्या जळक्या खांद्यावर थाप मारायचा. त्यातच वायरमनच्या छातीत पाखरू फडफडल्यासारखं झालं आणि नळीचं टोक दिसेनासं झालं. वायरमन स्टुलावर बसून राहिला. चाळिसाव्या बाराला त्याने बंदूक ठेवली.

घरी आला तेव्हा वहिनी काजं करत होती. तिने मान वर केली नाही.

"गोळी दे," तो म्हणाला.

"कसली?"

"तोंडात घालायची."

तिने गोळी सोडवून त्याच्या हातावर ठेवली. त्याने गिळली आणि मुलासारखं तोंड उघडून, जीभ उचलून दाखवली. तिने खरोखर वाकून आत बघितलं. मग दोघंही हसली, आणि हसता हसता ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पुन्हा रडली. तो म्हणाला, "तुला बिचारीला दोन्ही कामं एकदम करायची सवयच आहे."

स्पर्धेतून निवृत्तीचं पत्र त्याने सांगितलं आणि तिने लिहिलं. त्याला त्यात समितीला चार शब्द सुनावायचे होते. तिने ते लिहिल्यासारखं केलं आणि लिहिले नाहीत.

पुढची गोष्ट मला वायरमनने स्वतः सांगितली आहे. पत्र गेल्यावर तीन आठवड्यांनी ती दोघं सामान आणायला रेंजवर गेली. दुपारची वेळ, कोणी नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, शेवटचे साठ उडवून जा. वहिनी शेजारी उभी राहिली. त्याने पहिल्यांदा डोळा लावला आणि त्याला वाटलं, बंदूक मोडली. टोक हलतच नव्हतं. दोन ठोक्यांमधली फट शोधावी तर सगळी फटच. साठ बार झाले आणि पडद्यावर जो आकडा आला तो त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या स्पर्धेपेक्षा नऊ गुणांनी जास्त होता. त्या आकड्याला त्या वर्षी देशात पहिला क्रमांक मिळाला असता.

प्रशिक्षक पडद्याकडे बघत राहिले. वहिनी नवऱ्याकडे बघत होती. आता याला काय वाटेल, ही तिला धास्ती.

"नियम बरोबर आहे गं," तो म्हणाला. "मी उगाच त्यांना शिव्या घातल्या."

"पत्रात नाही घातल्या," वहिनी म्हणाली. "मी लिहिल्याच नव्हत्या."

त्याच महिन्यात मी रेंजवर पोचले, लोडर नसलेली. प्रशिक्षकांनी वहिनीला विचारलं. तिने वायरमनला विचारलं, आणि त्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी त्याचा स्टँड माझ्यासाठी घेऊन तो स्वतः आला. "मॅडम, हिला घाई असते," एवढंच म्हणाला. "तुम्ही मान हलवल्याशिवाय भरू देऊ नका." पहिले काही महिने तो तिला सोडायला यायचा, पण आत यायचा नाही. दारातल्या बाकावर बसून आवाज मोजायचा. त्याला वाईट वाटतं हे आम्हा दोघींना कळायचं. पुढे तो आत बसू लागला, आणि आता तर माझ्या चुका काढतो.

गेल्या आठवड्यात मी छर्र्यांचा नवा डबा द्यायला त्यांच्या घरी गेले. शाळा उघडायला चार दिवस होते आणि खोलीभर गणवेश पसरले होते. वायरमन टेबलाला पोट लावून उभा होता आणि तीन बोटांनी इस्त्री फिरवत होता. गेल्या वर्षीपासून त्याने हे काम अंगावर घेतलं आहे. वहिनी शर्ट पसरून देते, तो दाबतो, ती उलटते, तो पुन्हा दाबतो.

"कॉलर आधी," ती म्हणत होती.

"बाही आधी. कॉलर शेवटी चुरगळते."

"तीस वर्षं मी काय करतेय मग?"

"तीस वर्षं कॉलर चुरगळतेयस."

शर्ट जळल्याचा वास आला तेव्हा दोघांनी एकमेकांना दोष दिला. मी दारात उभी आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. खुर्चीवरचे गणवेश उचलून मी मांडीवर घेतले आणि बसले. त्यांचं बाहीचं ठरेपर्यंत मला चहा मिळण्यातला नव्हता.